व्होलार मालिकेतली रेषा: ती तिथे इतकी शांत का, आणि आपल्या प्लेटवर ती का तुटते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पिकासोच्या व्होलार मालिकेतली 'शिल्पकाराचा स्टुडिओ' ही चित्रे समोर ठेवून तांब्यावर एचिंगच्या (मेणाच्या थरातून सुईने उघडलेली रेषा आम्लाने कोरण्याच्या) तीन प्लेटा केल्या. रेषा कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गायबच. आकृत्या कागद कापून चिकटवल्यासारख्या सपाट. मूळ चित्रात शरीर पांढरेशुभ्र असते, तिथे आपल्या ठशात राखाडी धूर. शिवाय एका विक्रेत्याकडे 'मूळ व्होलार' म्हणून फ्रेम केलेले एक पान आहे, ते खरे आहे का हे कसे ओळखायचे?

आधी मालिकेबद्दल हवे तेवढेच. पॅरिसचा चित्रव्यापारी आंब्रुआझ व्होलार याच्यासाठी पिकासोने 1930 ते 1937 या काळात केलेल्या या 100 प्लेटा. त्यांतल्या 46 शिल्पकाराच्या स्टुडिओच्या आहेत आणि त्यांपैकी 40 त्याने 20 मार्च ते 5 मे 1933 या 47 दिवसांत केल्या. म्हणजे जवळजवळ रोज एक. बाकीच्यांत मिनोटॉर (ग्रीक पुराणातला बैलाच्या डोक्याचा माणूस) आणि आंधळा मिनोटॉर मिळून 15, प्रणयझुंजीच्या 5, रेम्ब्रांटच्या 4, व्होलारची व्यक्तिचित्रे 3 आणि कुठल्याच गटात न बसणाऱ्या 27. दाढीवाला, डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला शिल्पकार, शेजारी पहुडलेली मॉडेल, समोर चौथऱ्यावर मस्तक किंवा पुतळा, मागे खिडकी, एवढेच सामान. मॉडेलचा कपाळापासून नाकापर्यंत सरळ उतरणारा चेहरा पिकासोची तेव्हाची प्रेयसी मारी-तेरेज वॉल्टर हिचा. 1930 मध्ये घेतलेल्या ब्वाजलूच्या वाड्यात पिकासो त्या सुमारास प्लास्टरची मोठी मस्तके घडवत होता, त्यामुळे चित्रातला शिल्पकार ही निव्वळ कल्पना नाही.

रोज एक प्लेट हा तपशील तुमच्या पहिल्याच अडचणीशी जोडलेला आहे. हा माणूस आधी कागदावर नेटके रेखाटन करून ते प्लेटवर गिरवत बसलेला नाही. ग्राउंड, म्हणजे आम्ल अडवणारा मेणाचा थर, लावलेली प्लेट समोर आली की सुई थेट चालायची. गिरवलेली रेषा आणि चाललेली रेषा यांतला फरक आम्ल झाकत नाही, उलट उघडा पाडते.

रेषेची जाडी हाताने ठरत नाही

बहुतेक विद्यार्थी इथेच चुकतात. पेन्सिलीत दाब वाढवला की रेषा गडद होते. ब्युरिनने, म्हणजे धातू कोरायच्या कोरणीने, कोरताना दाबाने खोली वाढते. एचिंगमध्ये सुईचे काम फक्त मेणाचा थर उघडून तांबे दाखवण्याचे. जाडी ठरते सुईच्या टोकाने आणि आम्लातल्या वेळेने. व्होलार मालिकेतल्या शुद्ध रेषेच्या प्लेटा बघा: कपाळ, खांदा, नितंब, टाच, सगळीकडे साधारण एकच जाडी. सगळ्या रेषांना एकसारखा वेळ मिळाला की असे होते. या रेषेचा जो 'अभिजात' थंडपणा आपल्याला जाणवतो, त्याचा मोठा हिस्सा रसायनाचा आहे. तुम्ही सुई दाबून 'भाव' आणायला गेलात तर काही ठिकाणी तांबेच ओरबाडले जाते, काही ठिकाणी थर पुरता उघडत नाही, आणि ठशात ती गचाळ जाड-बारीक रेषा येते.

म्हणून सुईपासून सुरुवात. टोक किंचित गोल हवे. बारीक पॉलिश पेपरवर सुई उभी धरून गोल फिरवत घासा. काचेवर चालवून बघा: घसरली पाहिजे, रुतता कामा नये. पकड उभी, दाब सुईच्या वजनाहून थोडासाच जास्त. रेषा मागे तांब्याच्या रंगात सलग चमकली पाहिजे. मध्येच तपकिरी झाक दिसली तर तिथे थर राहिला आहे, आणि ती जागा आम्लात कोरीच राहणार.

थर. जुना, भरवशाचा हार्ड ग्राउंड म्हणजे वजनाने 2 भाग मधमाश्यांचे मेण, 2 भाग बिटुमेन, 1 भाग राळ. आधी मेण वितळवा, मग राळ, शेवटी बिटुमेनची पूड थोडी थोडी घालत ढवळा. आच मंद, खोलीची खिडकी उघडी, पातेले थेट ज्योतीवर नको. कोमट पाण्यात ओतून गोळे वळायचे. प्लेट इतपत तापवा की गोळा टेकवल्यावर वितळेल, पण धूर येणार नाही. मग रोलरने पसरा. थर पारदर्शक, मधाच्या रंगाचा दिसला पाहिजे. काळपट दिसला तर जाड झाला: रेषा एकमेकींना छेदतात तिथे कपचे उडतात. फारच फिका असला तर आम्ल आरपार जाते आणि मोकळ्या जागेत ठिपके खातात. कोरड्या थंडीत थर ठिसूळ होतो, तेव्हा मेण किंचित वाढवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात प्लेटवर न दिसणारा ओलावा बसतो. थर लावण्याआधी प्लेट तापवून दोन मिनिटे तशीच ठेवा, नाहीतर थराखाली दमट चकत्या राहतात आणि नेमक्या मांडीच्या मधोमध उखडतात.

त्याआधी तेलकटपणा काढणे. खडूची पूड आणि पातळ अमोनिया यांचा लगदा करून चोळा आणि धुवा. वाहते पाणी प्लेटवर पडद्यासारखे पसरले तर स्वच्छ, थेंबाथेंबाने फुटले तर पुन्हा चोळा. त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावायचे नाही. तुमच्या रेषा 'गायब' होण्याची निम्मी कारणे या पायरीत सापडतील: तेलकट जागी थर नीट धरत नाही आणि सुई अडखळते.

पत्रा तांब्याचाच घ्या, 1 ते 1.2 मि.मी. जाडीचा. स्वस्त म्हणून अनेक ठिकाणी जस्त आणि नायट्रिक आम्ल वापरतात. त्यात बुडबुडे रेषेवर बसून राहतात, पिसाने सतत झाडावे लागते, शिवाय कडा दातेरी होतात. ठसठशीत, रांगड्या कामाला ती रेषा चालते. या शैलीला चालत नाही.

आम्लात काय होते

तांब्यासाठी 'आम्ल' म्हणून वापरतात ते फेरिक क्लोराइडचे द्रावण. त्यात तांबे खाताना वायू निघत नाही, म्हणून कडा स्वच्छ राहते. पण त्याचा एक खोडसाळपणा आहे: लोहाचा गाळ तयार होतो आणि रेषेच्या तळाशी बसतो. बसला की तिथले खाणे मंदावते. प्लेट तोंड वर करून ट्रेमध्ये ठेवली असेल तर तुमच्या रेषा मध्येच बारीक का झाल्या याचे उत्तर इथे आहे. प्लेट तोंड खाली करून चार कोपऱ्यांना टेकू देऊन ठेवा, किंवा उभ्या टाकीत टांगा. त्याहून चांगला उपाय सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळते ते लिंबूसत्त्व. 1 लिटर संपृक्त फेरिक द्रावणाला सुमारे 60 ग्रॅम लिंबूसत्त्व 190 मि.लि. गरम पाण्यात विरघळवून मिसळा. गाळ धरत नाही आणि खाण्याचा वेगही वाढतो. कोरड्या भुकटीपासून द्रावण करत असाल तर भुकटी पाण्यात घाला, चमचा-चमचा. उलटे कधीच नाही. उष्णता इतकी निघते की प्लास्टिकचे भांडे मऊ पडते. हातमोजे, चष्मा हवाच. वापरलेल्या द्रावणात तांबे विरघळलेले असते, ते गटारात ओतायचे नाही.

वेळ ऐकीव आकड्यावर ठरवू नका. तांब्याची बोटभर पट्टी घ्या, त्याच थराची, त्याच सुईने समांतर रेघा ओढा आणि 10, 20, 30, 45 मिनिटांनी टप्प्याटप्प्याने वार्निशने झाका. छापून बघा. या शैलीची रेषा ताज्या द्रावणात 25 ते 30 अंश तापमानाला साधारण 20 ते 35 मिनिटांच्या पट्ट्यात सापडते. डिसेंबरच्या सकाळी तेच द्रावण जास्त वेळ घेईल. जुने झालेले, हिरवट पडलेले द्रावणही तसेच.

केस, दाढी, पानांचा मुकुट यांसाठी एक अपवाद. तिथे रेघा दाट असतात, आणि आम्ल खाली जाते तसे बाजूंनाही जाते. दोन रेघांमधली जागा रेघेच्या जाडीहून कमी असेल तर मधली भिंत कोसळते आणि दाढीचा काळा-करडा चिखल होतो. तेवढा भाग निम्म्या वेळेनंतर बाहेर काढून स्टॉप-आउट, म्हणजे आम्ल अडवणाऱ्या, वार्निशने झाका.

चूक झालेली रेषा आम्लात जाण्याआधी वार्निशने बुजवता येते. नंतर स्क्रेपरने खरवडणे, बर्निशरने घोटणे आणि मागून ठोकणे एवढेच उरते आणि पांढऱ्या अंगावर त्याचा वण दिसतोच. थर बिघडला तर काय, याचे या मालिकेतच एक गमतीचे उदाहरण आहे. जानेवारी 1934 मध्ये एका प्लेटचा थर तडकला. आता ही वायाच गेली म्हणून पिकासो त्यावर गिरगटायला लागला आणि त्या गिरगट्यातून रेम्ब्रांटचा चेहरा उभा राहिला. असा चेहरा आपल्या प्लेटवर उगवेल या आशेवर मात्र थर निष्काळजीपणे लावू नये.

आकृती सपाट का दिसते

याचे उत्तर रसायनात नाही, बघण्यात आहे, आणि मला यावर जास्त बोलायचे आहे.

तुम्ही बहुधा आकृतीची किनार काढता आहात: डोक्यापासून निघून अंगाभोवती फिरून परत डोक्याशी येणारी बंद रेषा. बंद किनारीतून सावली मिळते, शरीर मिळत नाही. पिकासोची रेषा शरीराभोवती फिरत नाही, शरीरात शिरते. काखेपाशी बघा: छातीची रेषा दंडाच्या मागे जाते आणि तिथेच संपते. दंडाची रेषा तिच्या पुढून जाते. पोट आणि मांडी मिळतात तिथे मांडीची रेषा थोडी आत, ओटीपोटावर चढलेली असते. गुडघ्याशी वरची रेषा खालच्या रेषेला भेटत नाही, एक दुसरीच्या आत दोन-तीन मि.मी. घुसून थांबते. कोणती रेषा कोणाच्या पुढे आणि कोण कोणामागे लपले, एवढ्यावर डोळा सगळी गोलाई उभी करतो. छायेची गरजच पडत नाही.

तुलनेसाठी इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनची होमरच्या महाकाव्यांवरची रेषाचित्रे बघा. तोमासो पिरोली याने ती रोममध्ये कोरली आणि 1793 मध्ये ती निघाली. नवअभिजात रेषाचित्राचा तो मूळ नमुना. त्यातली रेषा ग्रीक मडक्यांवरच्या आकृत्यांसारखी जाणूनबुजून पृष्ठभागावर राहते, शरीरे बाजूने दिसतात आणि एकमेकांवर फारशी चढत नाहीत. देखणी आहेत, पण भिंतीवर लावलेल्या पट्टीसारखी. पिकासोने त्या घराण्याची शुद्ध रेषा घेतली आणि तिला फ्रेंच चित्रकार अँग्रच्या पेन्सिलचित्रांतला मांसलपणा दिला. 1917 मध्ये तो रोम, नेपल्स, पाँपे बघून आला. नेपल्सच्या फार्नेझे संग्रहातल्या अजस्र संगमरवरी मूर्ती हे त्याच्या 1920 च्या दशकातल्या जाडजूड हातापायांच्या बायकांचे एक मूळ मानले जाते. 1933 च्या प्लेटांत जाडी उतरली, पण वजन राहिले: पहुडलेल्या माणसाची कोपरे आणि कुल्ले गादीत रुतलेले दिसतात, कारण गादीची रेषा तिथे दबलेली आहे.

दुसरी युक्ती. काही प्लेटांत जिवंत माणसे पांढरी, मोकळी असतात आणि चौथऱ्यावरचे शिल्प किंवा केस-दाढी रेघांनी भरलेली. गडद भाग डोळ्याला ओढून घेतो आणि शेजारचे रिकामे अंग आपोआप उजळते. सगळीकडे थोडी थोडी छाया केली तर हा सगळा परिणाम मरतो. प्लेटच्या एकूण क्षेत्राच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याहून जास्त जागा रेघांनी भरू नका, हा माझा ठोकताळा.

सरावासाठी प्लास्टरचे पुतळे अजूनही उत्तम. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृतींवरून पिढ्यान्‌पिढ्या रेखाटन शिकवले गेले, पण तिथला भर छायाप्रकाशावर. तुम्ही त्याच पुतळ्यासमोर बसून छायेला पूर्ण बंदी घाला. एकाच पुतळ्याची तीन कोनांतून, प्रत्येकी पाच मिनिटांत, फक्त बॉलपेनने रेखाटने. बॉलपेन यासाठी की दाबाने जाडी फारशी बदलत नाही आणि खोडता येत नाही, म्हणजे सुईसारखेच. रेषा थांबवायची ती फक्त हाड किंवा घडी असेल तिथे: कोपर, गुडघ्याची वाटी, घोटा, गळपट्टीचे हाड, काख. स्नायूच्या मधोमध हात उचललात की तो जोड ठशात कायमचा दिसणार.

प्लेटवर पूर्ण चित्र उतरवू नका. पाच-सहा खुणा पुरेत: कपाळ, हनुवटी, गळ्याचा खळगा, कमरेचे हाड, गुडघा, टाच. पातळ कागदाला मागून गेरू चोळून त्या टेकवा. चित्र उलटे छापले जाणार हे लक्षात ठेवा. पिकासोने ते बरेचदा मनावरच घेतले नाही. अनेक प्लेटांवर त्याने सरळ हाताने तारीख आणि 'ब्वाजलू' किंवा 'पॅरिस' लिहिले, आणि ठशात ते आरशातल्यासारखे उलटे आले.

राखाडी धूर

छापताना चार कारणे संभवतात. एक, पत्रा नीट घासलेला नाही. सूक्ष्म ओरखडे शाई धरतात. थर लावण्याआधी 1000, 1500 आणि 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासह वापरा, मग ब्रासो. दोन, थराला सुया लागल्यासारखी छिद्रे होती आणि आम्ल तिथून झिरपले. भिंगाखाली काळे ठिपके दिसतील. तीन, शाई पातळ आहे. एचिंगची शाई घट्टच हवी, पॅलेट चाकूवरून सावकाश, तुटत तुटत पडणारी. तेल जास्त घातले की ती रेषेतून बाहेर पसरते. चार, आणि बहुधा हेच तुमचे कारण: शेवटचे हाताने पुसणे झालेले नाही. कांजी काढून मऊ केलेल्या टार्लटनने (जाळीदार सुती कापडाने) गोल गोल पुसून मग तळव्याला अगदी थोडी खडूची पूड लावून, हात जवळजवळ आडवा ठेवून झटक्यात पुसायचे. एका दिशेने, हलके. शेवटी कडा कापडाने. स्वच्छ पुसलेली कड ही या शैलीत सजावट नाही, गरज आहे.

फार पुसले तर उलटा त्रास: रेषेतली शाईच ओढली जाते. रेषा तुटली ती आम्लामुळे की पुसण्यामुळे, हे दहापट भिंगाने ठरवा. तुटलेल्या जागी खाच आहे आणि तळाशी तांबे चकाकते आहे, तर पुसणे चुकले. खाचच नाही, तर सुई किंवा आम्ल चुकले. प्लेट किंचित कोमट असेल तर दोन्ही टोकांचा त्रास कमी होतो.

कागद सुती, 250 ते 300 ग्रॅमचा. अर्धा तास भिजवून टिपकागदांत दाबा. पृष्ठभागावर पाण्याची चमक राहता कामा नये. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती कागद सरावाला चांगला. फक्त गोंद कमी असेल तर तो जास्त भिजवू नका, प्लेटवर लोकर सुटते. ठसे टिपकागदांत वजनाखाली चार-पाच दिवस, रोज कागद बदलून.

ते फ्रेममधले पान

मोजपट्टी आणि भिंग घेऊन जा, आणि फ्रेममधून बाहेर काढूनच बघा. काढू दिले नाही तर तिथेच विषय संपला.

मालिका 1939 मध्ये पॅरिसला रोजे लाकुरिएरच्या छापखान्यात छापली गेली: मोंव्हाल नावाच्या रेघाळ हातकागदावर 260 प्रती, त्याच जातीच्या रुंद समासाच्या मोठ्या कागदावर 50, आणि चर्मपत्रावर 3. साध्या प्रतीचा कागद सुमारे 34 × 44.5 सें.मी., मोठ्या प्रतीचा सुमारे 38.5 × 50. कागद उजेडासमोर धरला की साध्या प्रतीत 'पिकासो' किंवा 'व्होलार' असे जलचिन्ह दिसते, मोठ्या प्रतीत मोंगोल्फिए कागदगिरणीचे. स्टुडिओच्या पुष्कळशा आडव्या प्लेटा सुमारे 19.4 × 26.7 सें.मी. च्या आहेत. प्लेटचा दाब कागदात बोटाला लागला पाहिजे, आणि पाठीमागूनही जाणवला पाहिजे.

मग रेषा. तिरप्या उजेडात शाई कागदावर किंचित उंच उभी दिसते. एचिंगच्या खाचेतून उचललेली शाई अशीच येते. भिंगाखाली रेषेत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, किंवा रेषा अगदी सपाट असेल, तर ते छापील पुनर्मुद्रण. 1956 पासून ही सगळी मालिका पुस्तकरूपातही निघाली, आणि अशा पुस्तकांची पाने कापून, छान पासपार्टू (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून विकली जातात. त्यांत फसवायचा हेतू नेहमीच असतो असे नाही, पण किंमत 'मूळ' ची लावली की तो आलाच.

सहीवर विसंबू नका. व्होलार जुलै 1939 मध्ये मोटार अपघातात गेला आणि छापील साठा आंरी पेतिए या व्यापाऱ्याने घेतला. पिकासोच्या पेन्सिलच्या सह्या त्याने पुढच्या अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने करून घेतल्या. त्यामुळे सही नसलेला खरा ठसा असतो, आणि खऱ्या ठशावर खोटी सहीही असू शकते. विक्रेत्याला ब्लोखने केलेल्या पिकासोच्या मुद्राचित्रांच्या सूचीतला क्रमांक विचारा. व्होलार मालिकेचे क्रमांक 134 ते 233 आहेत. त्याने या पट्ट्याबाहेरचा आकडा सांगितला तर ते चित्र कदाचित पिकासोचे असेलही, पण या मालिकेचे नाही. क्रमांक बरोबर असला तर त्याच क्रमांकाच्या प्लेटची मापे ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहाशी ताडा. त्यांच्याकडे 2011 पासून पूर्ण संच आहे. भिजवलेला कागद वाळताना थोडा आकसतो, म्हणून एक-दोन मि.मी. चा फरक चालतो. एक सेंटिमीटरचा चालत नाही.